शेवटचा बॉल कुणाच्या हातात द्यायचा?

जून महिन्यात एनबीएची, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगची, अंतिम मालिका सुरू झाली की आपल्याकडे सामना सकाळी सहाच्या सुमारास लागतो. घरात दूध तापायला ठेवलेलं असतं, पेपर अजून यायचा असतो, आणि माझा भाचा टीव्हीसमोर पाय पोटाशी घेऊन बसलेला असतो. खेळणारे संघ कुठलेही असोत, शेवटची दोन मिनिटं उरली आणि फरक तीन-चार गुणांवर आला, की त्याचं बोलणं फिरून एकाच माणसावर येतं. "मामा, लेब्रॉन मोठा आहेच. पण अशा वेळी बॉल त्याच्या हातात नको."

हे मत त्याच्या एकट्याचं नाही. लेब्रॉन जेम्स 2003 साली एनबीएत आला आणि पहिल्या काही वर्षांतच हा वाद सुरू झाला. चार विजेतेपदं, चार वेळा हंगामातला सर्वोत्तम खेळाडू, आणि फेब्रुवारी 2023 पासून एनबीएच्या इतिहासातले सर्वाधिक गुण त्याच्या नावावर. तरी "ऐनवेळी कच खातो" हा शिक्का काही पुसला जात नाही. बास्केटबॉल अधूनमधून बघणाऱ्याला यातलं काहीच उमगत नाही. एवढे गुण करणारा माणूस शेवटच्या मिनिटाला बेभरवशाचा कसा ठरतो? मला हा प्रश्न फार जवळचा वाटतो, म्हणून तो मुळापासून उलगडून बघतो.

## मोक्याचा क्षण नक्की कोणता?

एनबीएचा सामना 48 मिनिटांचा असतो. बारा-बारा मिनिटांचे चार भाग, त्यांना क्वार्टर म्हणतात. बरोबरी झाली तर पाच मिनिटांचा ओव्हरटाइम. चौथ्या क्वार्टरची शेवटची पाच मिनिटं किंवा ओव्हरटाइम चालू असेल आणि दोन संघांत पाच किंवा त्याहून कमी गुणांचा फरक असेल, तर त्या खेळाला एनबीए 'क्लच' म्हणते. अशा वेळी उत्तम खेळणाऱ्यासाठी 2022-23 च्या हंगामापासून वेगळा पुरस्कारही सुरू झाला. पहिला मानकरी डीॲरॉन फॉक्स.

आपण त्याला मोक्याचा क्षण म्हणू. कबड्डी बघणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. शेवटचं मिनिट, एका गुणाची पिछाडी, आणि चढाईला कुणाला पाठवायचं, हाच तो प्रश्न. फरक एवढाच की बास्केटबॉलमध्ये चढाईला गेलेला माणूस वाटेत बॉल दुसऱ्याला देऊ शकतो. सगळा वाद इथूनच सुरू होतो.

## एकाच मालिकेतले दोन लेब्रॉन

मे 2007. क्लीव्हलँड विरुद्ध डेट्रॉइट, विभागाची अंतिम फेरी. पहिल्या सामन्यात सहाएक सेकंद उरलेली, क्लीव्हलँड 76-78 असं दोन गुणांनी मागे. बॉल बावीस वर्षांच्या लेब्रॉनकडे. तो मुसंडी मारून रिंगपर्यंत गेला, बचाव करणारे त्याच्याभोवती गोळा झाले, आणि त्याने बॉल उजव्या-डाव्या कशाचा विचार न करता थेट कोपऱ्यात उभ्या असलेल्या डॉनयेल मार्शलकडे फेकला. मार्शल मोकळा होता. त्याने तीन गुणांचा शॉट मारला. तो चुकला. क्लीव्हलँड 76-79 असं हरलं.

दुसऱ्या दिवशी टीकेचा भडिमार झाला. संघातला सर्वांत मोठा खेळाडू, रिंगच्या इतक्या जवळ पोचलेला, आणि पास देतो? घाबरला. जबाबदारी झटकली.

दहा दिवसांनी त्याच मालिकेचा पाचवा सामना झाला. दोन ओव्हरटाइम लागले. क्लीव्हलँडच्या शेवटच्या 30 गुणांपैकी 29 लेब्रॉनचे, आणि त्यातले शेवटचे सलग 25 त्याच्या एकट्याचे. एकूण 48. क्लीव्हलँड 109-107 असं जिंकलं. आता तोच माणूस पोलादी मनाचा ठरला.

दहा दिवसांत कुणाचं मन बदलत नाही. मग बदललं काय?

## पास देणं भित्रेपणा होता का?

जरा हिशेब करू. आकडे समजण्यापुरते घेतो. समजा, दोन-तीन उंच बचावपटूंच्या गर्दीतून मारलेला शॉट शंभरात 45 वेळा आत जातो. गेला तरी दोनच गुण, म्हणजे नुसती बरोबरी. पुढे ओव्हरटाइममध्ये जिंकायची शक्यता निम्मी. शंभरातले विजय झाले 22 किंवा 23. आता कोपऱ्यातल्या मोकळ्या खेळाडूचा तीन गुणांचा शॉट शंभरात 38 वेळाच आत जातो असं धरा. पण तो गेला की पिछाडीची आघाडी होते आणि सामना जवळपास खिशात. म्हणजे 38 विजय. स्वतः मारताना लेब्रॉनवर फाउल, म्हणजे नियमबाह्य धक्काबुक्की, झाला असता, तर त्या पर्यायाच्या बाजूला आणखी काही विजय पडले असते, हे खरं. तरीही पास देणं चुकीचं ठरत नाही.

कोपऱ्यातूनच का? कारण तीन गुणांची रेषा कोपऱ्यात रिंगच्या सर्वांत जवळ असते. समोरून 23 फूट 9 इंच, कोपऱ्यातून 22 फूट. पावणेदोन फुटांचा हा फरक टीव्हीवर दिसत नाही, पण शॉट मारणाऱ्याच्या दंडाला तो कळतो.

थोडक्यात, निर्णय चांगला होता, निकाल वाईट लागला. शेतकऱ्याने वेळेवर पेरणी केली आणि पावसाने दडी मारली, तर पेरणी चुकली असं कुणी म्हणत नाही. खेळाडूला मात्र आपण निकालावरूनच मोजतो.

## "पण काही जण हमखास जिंकून देतात ना?"

माझ्या भाच्याचा लाडका खेळाडू कोबी ब्रायंट. शेवटच्या शॉटसाठी कोबीसारखा दुसरा नाही, असं कितीतरी खेळाडू आणि प्रशिक्षकही मानायचे. 2011 साली ईएसपीएन या क्रीडा वाहिनीने त्याचे असे सगळे शॉट मोजले: शेवटची 24 सेकंद, बरोबरी किंवा जास्तीत जास्त दोन गुणांची पिछाडी. पंधरा हंगामांत कोबीने असे 115 शॉट मारले आणि त्यातले 36 आत गेले. तीनांत एकाहूनही थोडे कमी. त्याच काळातली सगळ्या एनबीएची सरासरी याच्या जवळपासच होती.

मी कोबीला कमी लेखत नाही. शेवटच्या सेकंदांत प्रत्येक बचावपटूला ठाऊक असतं की बॉल कुणाकडे जाणार, म्हणून तो शॉट मुळातच अवघड असतो. तरी 115 वेळा तो मारायला पुढे होणं, हे काळीज सगळ्यांकडे नसतं. पण 79 चुकलेले शॉट आपण विसरलो आणि 36 लक्षात ठेवले, हेही तितकंच खरं.

दुसरी गोष्ट संख्येची. पंधरा वर्षांत 115 म्हणजे वर्षाला सात-आठ शॉट. रुपयाचं नाणं आठ वेळा उडवलं तर कधी सहा वेळा छापा येईल, कधी दोनच वेळा. त्यावरून नाण्याचा स्वभाव ठरवता येत नाही. 2025 च्या मोसमात इंडियानाच्या टायरीस हॅलिबर्टनने बाद फेरीच्या चारही टप्प्यांत शेवटच्या क्षणी बरोबरीचा किंवा विजयाचा शॉट मारला. ओक्लाहोमा सिटीविरुद्ध अंतिम मालिकेच्या पहिल्या सामन्यात त्याचा शॉट आत गेला तेव्हा 0.3 सेकंद उरली होती, आणि इंडियाना 111-110 असं जिंकलं. त्यातला न्यूयॉर्कविरुद्धचा शॉट रिंगच्या मागच्या कडेवर आपटून उंच उडाला आणि सरळ जाळीत पडला. बोटभर इकडे-तिकडे झालं असतं तर त्याच्याविषयी वेगळंच बोललं गेलं असतं.

## मग दडपण वगैरे काही नसतंच का?

असतं. नक्की असतं, आणि ते बघायची सर्वांत चांगली जागा म्हणजे फ्री थ्रो. फाउल झाल्यावर रिंगपासून 15 फुटांवर उभं राहून, कुणीही अडवत नसताना, शांतपणे मारायचा शॉट. रोज शेकडो वेळा घोटलेला. तरीही अटीतटीच्या सामन्याच्या शेवटच्या सेकंदांत खेळाडूंचे फ्री थ्रो नेहमीपेक्षा जास्त चुकतात, असं एनबीएच्या आकडेवारीच्या अभ्यासात दिसून आलं आहे.

असं का होतं? पाहुणे आलेले असताना काठोकाठ भरलेला चहाचा कप नेऊन बघा. एरवी सहज नेतो. पण "सांडता कामा नये" हे मनात आलं, नजर कपावर खिळली, की हात थरथरतो. रोज ऑफिसला स्कूटर चालवणाऱ्या माणसाचा लायसन्सच्या परीक्षेत आठचा आकडा काढताना नेमका पाय टेकतो, तोही याच कारणाने. सवयीने आपोआप होणारं काम आपण मुद्दाम लक्ष घालून करू लागतो आणि त्याचे तुकडे पडतात. कोपर कुठे, मनगट कसं, असा विचार सुरू झाला की शॉट गेलाच.

आमच्या घराजवळच्या कोर्टवर तेरा-चौदा वर्षांची एक मुलगी खेळते. सरावात ती फ्री थ्रोच्या आधी बॉल तीनदा जमिनीवर आपटते, एक श्वास सोडते, मग मारते. दहातले आठ आत. शाळांच्या स्पर्धेत एका गुणाने मागे असताना तिला दोन फ्री थ्रो मिळाले. मी कडेलाच उभा होतो. पंचांनी बॉल हातात देताच तिने तो एकदाही न आपटता मारला. रिंगलाही लागला नाही. तिला तो क्षण लवकर संपवायचा होता. दुसऱ्याच्या आधी तिच्या सरांनी बाहेरून फक्त तीन बोटं दाखवली. तिने तीनदा बॉल आपटला, श्वास सोडला, आणि बॉल जाळीतून खाली आला. तोवर तिचे डोळे भरलेले होते. तंत्र तेच, हात तेच. मधे फक्त तीन टप्पे होते.

सगळेच इतक्या लवकर सावरत नाहीत. 1995 च्या अंतिम मालिकेच्या पहिल्या सामन्यात ऑरलँडोचा निक अँडरसन शेवटच्या अकरा सेकंदांच्या आत चार फ्री थ्रोसाठी उभा राहिला. संघ तीन गुणांनी पुढे होता. एक जरी गेला असता तरी सामना जवळपास हातात होता. चारही चुकले. ह्यूस्टनने बरोबरी साधली, ओव्हरटाइममध्ये सामना जिंकला आणि मालिकाही 4-0 अशी घेतली. त्या हंगामात दहातले सात फ्री थ्रो मारणारा अँडरसन दोन वर्षांनी दहातले चारच मारत होता. त्याच्याविषयी वाचताना मला आजही वाईट वाटतं. असा अनुभव माणसाच्या हातात मुरतो.

## 2011: लेब्रॉनने खरोखर कच खाल्ली

त्याच्या चाहत्यांनाही हे मान्य करावं लागेल. 2010 साली तो क्लीव्हलँड सोडून मायामीला गेला. तो निर्णय टीव्हीवर कार्यक्रम करून जाहीर केल्यामुळे अर्धी अमेरिका त्याच्यावर चिडली होती. पुढच्याच वर्षी डॅलसविरुद्ध अंतिम मालिका. हंगामभर सामन्यागणिक 26.7 गुण करणारा लेब्रॉन त्या मालिकेत 17.8 वर आला. चौथ्या सामन्यात त्याने फक्त 8 गुण केले. सहा सामन्यांच्या चौथ्या क्वार्टरचे त्याचे गुण मिळून 18, म्हणजे सामन्याला तीन. डॅलस 4-2 असं जिंकलं. पलीकडे त्यांचा डर्क नोवित्स्की एका सामन्यात अंगात ताप असताना खेळला आणि शेवटच्या मिनिटांत बॉल मागून घेत राहिला.

इथे आकड्यांपेक्षा दृश्य बोलकं आहे. त्या मालिकेत लेब्रॉन शॉट चुकवत होता असं नाही, तो शॉट मारतच नव्हता. बॉल हातात आला की लगेच दुसऱ्याकडे. रिंगपासून लांब, बाहेरच्या बाजूला उभा. डॅलसने माणसामागे माणूस लावण्याऐवजी जागा अडवून बचाव केला, आणि त्यात शिरायचं कसं हे त्याला उमगेना. त्याच्याहून कितीतरी बुटका खेळाडू समोर असतानाही तो त्याला पाठीवर घेऊन आत ढकलत नव्हता, कारण रिंगकडे पाठ करून खेळायची कला तेव्हा त्याच्याकडे पुरेशी नव्हती.

माझ्या मते या सगळ्या वादाचं मर्म इथे आहे. चुकणं वेगळं आणि लपणं वेगळं. 2007 च्या त्या पासआधी लेब्रॉन स्वतः आत घुसला होता, बचाव त्याने स्वतःकडे ओढून घेतला होता, म्हणून मार्शल मोकळा झाला. 2011 चे पास लपण्याचे होते. त्यांनी कुणीच मोकळं होत नव्हतं. सामना बघताना हा फरक ओळखायचा असेल तर बॉलकडे बघू नका, बचाव करणाऱ्यांच्या पायांकडे बघा. ते हलले असतील तर पास खरा.

आणि ही खोट कायमची नव्हती. त्याच उन्हाळ्यात तो ह्यूस्टनला हकीम ओलाजुवॉन या जुन्या दिग्गजाकडे जाऊन रिंगकडे पाठ करून खेळायला शिकला. पुढच्याच वर्षी मायामी विजेतं झालं. नुसतं मन घट्ट करून दडपण जात नाही. करायला काहीतरी हाताशी लागतं.

## "मायकेल जॉर्डन असता तर..."

हा आक्षेप येतोच. जॉर्डनने स्वतःच एका जाहिरातीत सांगितलं होतं की विजयी शॉट मारायला म्हणून संघाने 26 वेळा त्याच्यावर विश्वास टाकला आणि तो चुकला. 1997 ची अंतिम मालिका ज्या शॉटने ठरली तो शॉट जॉर्डनचा नव्हता. दोघे अंगावर आल्यावर त्याने बॉल सहकारी स्टीव्ह करला दिला आणि करने तो आत घातला. लेब्रॉनने 2007 साली केलं तेच हे. फक्त करचा शॉट गेला आणि मार्शलचा गेला नाही.

आपल्याला हे नवं नाही. 1999 साली चेन्नईत पाकिस्तानविरुद्ध 271 धावांचा पाठलाग करताना दुखऱ्या पाठीने 136 धावा काढून सचिन बाद झाला तेव्हा 17 धावा हव्या होत्या. उरलेल्या तीन गड्यांनी मिळून चार काढल्या. तरी "सचिन सामना संपवत नाही" हे वाक्य आपल्याच मुंबई-पुण्याच्या कट्ट्यांवर कित्येक वर्षं ऐकलं. मला ते तेव्हाही लागलं होतं.

## 28 सेकंद

18 जून 2013, मायामी. अंतिम मालिकेत सॅन अँटोनियो 3-2 असं पुढे आणि सहाव्या सामन्यात 28 सेकंद उरलेली असताना पाच गुणांनी आघाडीवर. करंडक देण्याची तयारी म्हणून कोर्टभोवती पिवळे दोर लावायला सुरुवात झाली होती. काही प्रेक्षक उठून निघालेसुद्धा होते.

लेब्रॉनने त्या क्वार्टरमध्ये 13 गुण करून संघाला इथवर आणलं होतं, आणि शेवटच्या मिनिटात त्याच्याच हातून बॉल गेलाही होता. आता त्याने तीन गुणांचा शॉट मारला. चुकला. झटापटीत बॉल मायामीकडेच राहिला आणि परत त्याच्याकडे आला. त्याने लगेच पुन्हा मारला. आत. 92-94. सॅन अँटोनियोच्या क्वाय लेनर्डने दोन फ्री थ्रोपैकी एक चुकवला. 92-95. लेब्रॉन पुन्हा, तीन गुणांचा. चुकला.

इथे थांबून बघा. सामना इथेच संपला असता तर आजही शाळकरी पोरांनी त्याला नावं ठेवली असती. पण मायामीच्या क्रिस बॉशने उडी मारून तो बॉल पकडला. सॅन अँटोनियोचा उंचपुरा टिम डंकन त्या वेळी बाकावर होता. त्याच्या प्रशिक्षकांनी त्याला बाहेर बसवलं होतं. मायामीचाच रे ॲलन उलट्या पावलांनी कोपऱ्यात सरकला, खाली न बघता रेषेबाहेर थांबला, आणि बॉशने दिलेला बॉल त्याने जाळीत घातला. 5.2 सेकंद बाकी, 95-95. उलट्या पावलांनी जाऊन कोपऱ्यातून मारणं ॲलन सरावात घोटायचा. ओव्हरटाइममध्ये मायामी 103-100 असं जिंकलं.

शेवटच्या अर्ध्या मिनिटात लेब्रॉनचे तीन शॉट, एक आत, दोन बाहेर. आकड्यांत बघाल तर साधारणच. पण पहिला चुकल्यावर दुसरा त्याने मारला, आणि नंतर तिसराही मारला. 2011 च्या लेब्रॉनने पहिल्यानंतरच बॉल दुसऱ्याकडे दिला असता. दोन दिवसांनी सातव्या सामन्यात त्याने 37 गुण केले. सॅन अँटोनियो त्याला मुद्दाम लांबून मारू देत होतं, आणि 27 सेकंद असताना त्याने लांबूनच मारून आघाडी चारची केली. त्याच्या थोडंच आधी डंकनचा रिंगजवळचा शॉट चुकला होता. पुढच्या क्षणी तो बचावासाठी वाकला आणि त्याने दोन्ही हात जमिनीवर आपटले. एनबीएतला बहुधा सर्वांत भरवशाचा माणूस, आणि रिंगपासून हातभर अंतर.

## मग विश्वास ठेवायचा की नाही?

कशासाठी, ते आधी विचारायला हवं. एका गुणाची पिछाडी आणि दोन फ्री थ्रो मारायचे असतील तर मी लेब्रॉनला पाठवणार नाही. कारकिर्दीत त्याचे शंभरात 73-74 फ्री थ्रो जातात. स्टीफन करीचे नव्वदच्या वर जातात. तिथे करीच. पण बारा सेकंद आहेत, समोर पाच जण सज्ज आहेत आणि काय करायचं ते ठरलेलं नाही, तर बॉल लेब्रॉनकडे द्यावा, असं मला मनापासून वाटतं. तो स्वतः मारेल की नाही हे त्यालाही आधी माहीत नसतं. म्हणूनच बचाव करणाऱ्यांनाही माहीत नसतं.

आणि मोक्याचा क्षण म्हणजे फक्त शॉट नव्हे. 19 जून 2016 ला ओकलंडमध्ये अंतिम मालिकेचा सातवा सामना झाला. लेब्रॉन तोवर पुन्हा क्लीव्हलँडकडे आला होता. क्लीव्हलँड मालिकेत 1-3 असं मागे पडून बरोबरीला आलं होतं, आणि समोर हंगामात 73 सामने जिंकलेला गोल्डन स्टेट. 89-89. दोन मिनिटांहून कमी वेळ. गोल्डन स्टेटचा आंद्रे इग्वोडाला हा खेळाडू मोकळा रिंगकडे निघाला होता. लेब्रॉन मागून कोर्टभर धावत आला आणि त्याने तो बॉल रिंगमागच्या बोर्डवरच दाबला. मग 53 सेकंद असताना क्लीव्हलँडच्या कायरी अर्विंगने तीन गुणांचा शॉट मारला. 92-89. क्लीव्हलँड शहराने 1964 नंतर कुठल्याच मोठ्या खेळात विजेतेपद पाहिलं नव्हतं.

10.6 सेकंद असताना लेब्रॉन बॉल वरून रिंगमध्ये कोंबायला उसळला, फाउल झाला, आणि तो उजव्या हातावर जोरात पडला. बराच वेळ मनगट धरून तो तसाच पडून होता. मग उठून फ्री थ्रोच्या रेषेवर आला. पहिला चुकला. दुसरा आत गेला. आघाडी तीनवरून चारवर गेली, आणि तीन गुणांच्या एका शॉटने बरोबरी साधण्याची गोल्डन स्टेटची वाट बंद झाली.